घराची किंमत कोण ठरवतं?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता या भागांतल्या जुन्या सोसायट्यांमधून फिरलं की हमखास एखादा बंद फ्लॅट दिसतो. गॅलरीत कबुतरांनी घाण केलेली, दाराला कुलूप, खाली लेटरबॉक्समध्ये मेंटेनन्सची बिलं साठलेली. चौकशी केली की कळतं, घर विकायला काढलंय. मग जात का नाही? उत्तर ठरलेलं असतं : ‘गिऱ्हाइकं येतात हो, पण आमच्या भावाला येत नाहीत.’

मला आज त्या भावाबद्दल बोलायचंय. बाजार थंड असताना चढी किंमत धरून बसलेल्या मालकाचं जे नुकसान होतं, ते मला बघवत नाही. ही माणसं सट्टा खेळणारी नसतात. निवृत्त शिक्षक असतात, एकट्या राहणाऱ्या मावशी असतात. आयुष्यभराची कमाई त्या चार भिंतींत अडकलेली असते आणि तिची गरज नेमकी आत्ता असते.

हा भाव येतो कुठून? समोरच्या विंगेतला फ्लॅट एक कोटी दहा लाखांना गेला, असं जिन्यात कुणीतरी सांगितलेलं असतं. तो कधी गेला, किती चौरस फुटांचा होता, पार्किंग होतं का, हे कुणी विचारत नाही. शेजारच्या नव्या टॉवरचा दर असतो कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर, आणि आपण तो लावतो आपल्या जुन्या बिल्ट-अपला, म्हणजे भिंती धरून मोजलेल्या जागेला. त्यात फर्निचरचे पाच-सहा लाख मिळवायचे. शिवाय ‘सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे’ याचे वेगळे. सर्वसाधारण सभेत विषय निघाला, एखाद्या बिल्डरनं नकाशे दाखवले, म्हणजे काम झालं असं नाही. सोसायटी आणि बिल्डर यांच्यातला विकास करारनामा नोंदवला जात नाही तोवर ती आशाच असते, आणि आशेचे पूर्ण पैसे कुणी मोजत नाही. काही एजंटही याला हातभार लावतात. घर आपल्याच हातात राहावं म्हणून मालकाला आवडेल तो आकडा सांगतात. तीन-चार महिने गेले की तेच फोन करतात, ‘काका, पार्टी नव्वदच्या पुढे सरकत नाहीये.’

ती पार्टी का सरकत नाही, ते एकदा तिच्या बाजूनं बघा. समजा, तुम्ही एक कोटी दहा लाख मागता आणि बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा तज्ज्ञ, किंमत नव्वद लाख काढतो. बँक करारातली रक्कम आणि व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरते, आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला त्याच्या फार तर ८० टक्के देते. म्हणजे ७२ लाख. उरलेले ३८ लाख खरेदीदारानं खिशातून घालायचे. पुणे महापालिकेच्या हद्दीत पुरुषाच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७ लाख ७० हजार. नोंदणीचे ३० हजार. एकूण ४६ लाख रोख जमवायचे. हेच घर नव्वद लाखांना असतं तर १८ लाख, शुल्काचे ६ लाख ३० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, म्हणजे २४ लाख ६० हजारांत भागलं असतं. तुम्ही वाढवलेले वीस लाख हप्त्यांत विभागले जात नाहीत. ते सगळेच्या सगळे त्या जोडप्याच्या बचतीवर पडतात. ते घासाघीससुद्धा करत नाहीत, ‘कळवतो’ म्हणून निघून जातात.

आता मालकाचा हिशेब. नव्वद लाख आज हातात आले असते आणि ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले असते, तर कर बाजूला ठेवून वर्षाला ६ लाख ३० हजार व्याज झालं असतं. बंद घराचा मेंटेनन्स महिना तीन हजार धरला तरी वर्षाला ३६ हजार. मिळकतकर वेगळा. दोन वर्षं थांबलात की तेरा लाखांच्या वर गेले. मग अखेर एक कोटी आले तरी तोटाच झाला, पण तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नसतो म्हणून जाणवत नाही.

हा स्वभाव फक्त आपल्याकडचा नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. बाजार पडल्यावर ज्यांना खरेदीपेक्षा कमी पैसे मिळणार होते, त्यांनी इतरांपेक्षा जास्त किंमत लावली आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहिली. हाती थोडं जास्त आलं, पण मागितलेल्या जादा रकमेच्या मानानं फारच कमी. आपल्याकडे २०१३-१४च्या सुमारास चढ्या दरानं घेतलेल्या अनेकांनी पुढची काही वर्षं हेच सोसलं. आपण काय मोजलं होतं, हे घेणाऱ्याला माहीतही नसतं.

मग खरा भाव कळायचा कसा? पोर्टलवरच्या जाहिरातींवरून नाही, त्या तुमच्यासारख्याच न विकल्या गेलेल्या घरांच्या असतात. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. घरातल्या नातवाला शेजारी बसवा आणि आपल्या परिसरातले गेल्या वर्षभरातले दस्त काढा. नोंदवलेल्या दस्ताचा जो सारांश मिळतो, त्या इंडेक्स टूमध्ये मोबदल्याची रक्कम, क्षेत्रफळ, तारीख, सगळं असतं. पाच-सहा व्यवहार वहीत उतरवले की चित्र स्पष्ट होतं. किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या आसपास उतरत असेल तर सीएला आधी विचारा, कारण रेकनरची किंमत विक्रीच्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भरली तर करासाठी भांडवली नफा रेकनरच्या दरानं मोजला जातो.

आणि घर आई-वडिलांच्या मागे तीन-चार भावंडांच्या नावावर असेल, तर जाहिरात देण्याआधी सगळे एकत्र बसा. एक भाऊ परदेशात, एक बहीण नाशिकला, प्रत्येकाच्या मनात वेगळा आकडा, आणि खरा खरेदीदार समोर येतो तेव्हा सही अडते. नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल घ्या, किती खाली उतरायचं ते ठरवून कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि परदेशातल्या भावाकडून कुलमुखत्यारपत्र आधीच करून घ्या. त्याला वेळ लागतो, आणि थंड बाजारात टोकन द्यायला तयार झालेलं गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही.

नमस्कार.