डीट्रिख फिशर-डीस्काउ : शब्दाला जागणारा बॅरिटोन

श्रोतेहो, नमस्कार. पाश्चात्त्य अभिजात संगीतात पुरुषांच्या आवाजाचे स्थूलमानाने तीन प्रकार मानले जातात. उंच पट्टीतला टेनर, खर्जातला बास आणि या दोहोंच्या मधला बॅरिटोन. ऑपेरात प्रेयसीला आळवणारा नायक बहुधा टेनर असतो. बॅरिटोनच्या वाट्याला येतात ते मित्र, वडील, प्रतिस्पर्धी आणि कधीकधी खलनायक. मात्र पुरुषाच्या रोजच्या बोलण्याच्या आवाजाला सर्वांत जवळचा आवाज हाच, आणि त्यामुळे गाताना शब्द स्पष्ट ठेवण्याची जेवढी सोय बॅरिटोनला असते तेवढी इतरांना क्वचितच लाभते. या सोयीचे ज्याने आयुष्यभराच्या साधनेत रूपांतर केले, त्या जर्मन गायकाविषयी, डीट्रिख फिशर-डीस्काउ यांच्याविषयी, आज मी बोलणार आहे.

त्यांचा जन्म २८ मे १९२५ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील मुख्याध्यापक होते, आई शिक्षिका होती, आणि घरात पुस्तकांना व संगीताला मान होता. डीट्रिख बारा वर्षांचे असताना वडील वारले. सोळाव्या वर्षी त्यांचे गायनाचे रीतसर शिक्षण सुरू झाले आणि जानेवारी १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ भागातील नगरभवनात ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची ‘विंटररायझे’ म्हणजे ‘हिवाळी प्रवास’ ही चोवीस गीतांची मालिका जाहीररीत्या गायली. मैफल रंगात असताना ब्रिटिश विमानांचा हल्ला झाला. श्रोत्यांना आणि गायकाला तळघरात आसरा घ्यावा लागला, आणि धोका टळल्यावर सगळे पुन्हा वर आले व उरलेली गीते झाली.

त्याच वर्षी त्यांना सैन्यात ओढले गेले. रशियाच्या आघाडीवर त्यांच्याकडे घोड्यांची निगा राखण्याचे काम होते. पुढे त्यांना इटलीत पाठवण्यात आले आणि १९४५ मध्ये ते अमेरिकी सैन्याच्या हाती सापडले. दरम्यान, त्यांच्या अपंग भावाला, मार्टिनला, नात्सी राजवटीने एका संस्थेत हलवले आणि तेथे त्याला उपाशी ठेवून मारले. दोन वर्षांच्या बंदिवासात फिशर-डीस्काउ छावणीतल्या, घराच्या ओढीने व्याकूळ झालेल्या सैनिकांसमोर जर्मन गीते गात राहिले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया येथे आहे. ज्या राजवटीने भावाचा जीव घेतला तिचीच भाषा ही त्यांची मातृभाषा होती. ती टाकून देणे शक्य नव्हते, म्हणून तिच्यातील एकेक शब्द त्यांनी नव्याने, पारखून उच्चारला.

१९४७ मध्ये ते मायदेशी परतले आणि बाडेनवायलर येथे एका आजारी गायकाच्या जागी, तालमीशिवाय, ब्राम्सच्या ‘जर्मन रेक्वियम’मध्ये, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ रचलेल्या गायनकृतीत, गायला उभे राहिले. त्यानंतर थोड्याच काळात बर्लिनच्या अमेरिकी विभागातील नभोवाणी केंद्राने त्यांच्याकडून ‘विंटररायझे’ ध्वनिमुद्रित करून घेतले. शहर ढिगाऱ्यांखाली होते, नाट्यगृहे उद्ध्वस्त झाली होती, आणि बावीस वर्षांचा एक अनोळखी तरुण घराघरांतल्या रेडिओवरून ऐकू येऊ लागला. आपणही रेडिओच्याच माध्यमातून भेटत आहोत, म्हणून ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. मायक्रोफोनजवळ कुजबुजीइतक्या हळू आवाजातही शब्द पोचवता येतो, हे या गायकाने फार लवकर ओळखले होते.

१९४८ मध्ये बर्लिनच्या नगर ऑपेरात प्रमुख बॅरिटोन म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि फेरेन्त्स फ्रिचाय यांच्या संचालनाखाली व्हेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मधील पोसा ही भूमिका त्यांनी तेविसाव्या वर्षी केली. पुढची तीन दशके ऑपेरात गेली. मोझार्टचा काउंट आल्माव्हिवा आणि डॉन जोव्हानी, व्हेर्दीचा फाल्स्टाफ, श्ट्राउसचा मान्द्रिका, बायरॉइटच्या महोत्सवात वाग्नरचा वोल्फ्राम. त्यांचा आवाज प्रचंड नव्हता. ऑपेरात मायक्रोफोन नसतो, आणि मोठ्या वाद्यवृंदाच्या पलीकडे आवाज पोचतो तो नुसत्या जोरामुळे नव्हे. कसलेल्या गळ्यातून साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपास जी झळाळी निघते, तिथे वाद्यवृंदाची ताकद कमी पडते आणि आवाजाला वाट मिळते. फिशर-डीस्काउ यांनी ताकदीची उणीव या झळाळीने आणि धारदार व्यंजनांनी भरून काढली. काही समीक्षकांना व्हेर्दीसाठी हा आवाज हलका वाटे, आणि त्यात तथ्य आहे असे मलाही वाटते.

परंतु त्यांचे खरे घर होते ते लीड, म्हणजे एक कविता, एक गायक आणि एक पियानोवादक यांचे गायन. ‘विंटररायझे’चे पहिलेच गीत घ्या. प्रेमभंग झालेला एक तरुण रात्री गाव सोडून निघाला आहे. तीन कडवी उदास मायनरमध्ये चालतात, आणि चौथ्या कडव्यात, ‘तुझ्या स्वप्नात मी व्यत्यय आणणार नाही’ असे तो म्हणू लागतो तेव्हा शूबर्ट सूर मेजरमध्ये नेतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर कोमल गंधार जातो आणि शुद्ध गंधार येतो. सामान्य गायक या जागी आवाज खुलवून बदल दाखवून देतो. फिशर-डीस्काउ तेथे आवाज आणखी आत घेतात. शुद्ध गंधारात सुख नाही, निरोपाचा हळुवारपणा आहे, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. शेवटच्या गीतात पियानोच्या डाव्या हातात षड्ज-पंचम सतत धरून ठेवलेले असतात, कारण बर्फात अनवाणी उभा राहून वाद्य वाजवणाऱ्या भिकाऱ्याचे ते चित्र आहे. त्यावर ते जवळजवळ भावहीन स्वरात गातात आणि अगदी शेवटच्या प्रश्नावर तेवढा आवाज वाढवतात.

इंग्रज पियानोवादक जेराल्ड मूर यांच्याबरोबर त्यांनी १९५१ पासून काम केले आणि १९६६ ते १९७२ या काळात शूबर्टची पुरुषकंठाला साजेशी चारशेहून अधिक गीते ध्वनिमुद्रित केली. ‘विंटररायझे’ मात्र ते पुन्हा पुन्हा निरनिराळ्या वादकांबरोबर मुद्रित करीत राहिले : मूर, डेमुस, बारेनबॉइम, ब्रेंडेल, पेराइया. प्रत्येक पियानोवादकाच्या मताप्रमाणे गाण्याचा वेग, विराम आणि भार बदलण्याची त्यांची तयारी असे.

त्यांच्यावर टीकाही झाली. रोलाँ बार्त या फ्रेंच विचारवंताने १९७२ मध्ये त्यांची तुलना शार्ल पांझेरा या गायकाशी केली आणि फिशर-डीस्काउ यांच्या गाण्यात सगळे काही निर्दोष असूनही गळ्याचा, देहाचा स्पर्श जाणवत नाही, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप मी हलका मानत नाही. कधीकधी ते एकेका अक्षराला इतका अर्थ देतात की ओळीचा ओघ तुटतो. तरीही त्यांच्या इतिहासाकडे पाहताना शब्दाविषयीची ही अतिदक्षता मला दोषापेक्षा जबाबदारीसारखी दिसते.

या जबाबदारीचा सर्वांत कठीण कस ३० मे १९६२ रोजी लागला. जर्मन बॉम्बहल्ल्यात १९४० साली उद्ध्वस्त झालेल्या, इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलशेजारी नवे कॅथेड्रल उभे राहिले होते आणि इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचे ‘वॉर रेक्वियम’ तेथे प्रथम सादर होणार होते. इंग्लंडचा टेनर, रशियाची सोप्रानो म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका आणि जर्मनीचा बॅरिटोन एकत्र गातील, अशी ब्रिटन यांची योजना होती. सोव्हिएत सरकारने गालिना विश्नेव्हस्काया यांना परवानगी दिली नाही, म्हणून ऐनवेळी हेदर हार्पर गायल्या. शेवटच्या भागात पहिल्या महायुद्धातील इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन यांच्या कवितेवर टेनर आणि बॅरिटोन समोरासमोर येतात : मरणानंतर भेटलेले दोन सैनिक. ‘तू ज्या शत्रूला मारलेस तो मीच, मित्रा’ ही ओळ फिशर-डीस्काउ यांनी इंग्रजीत गायली. कार्यक्रम संपल्यावर ते इतके हेलावले होते की टेनर पीटर पिअर्स यांना त्यांना जागेवरून उठवणेही अवघड झाले.

१९७८ मध्ये म्युनिचला जर्मन संगीतकार आरिबेर्ट रायमान यांचा, शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वरचा ‘लिअर’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. त्याची कल्पना मुळात फिशर-डीस्काउ यांचीच होती आणि शीर्षकभूमिकाही त्यांनीच केली. मैफलीतले गाणे ३१ डिसेंबर १९९२ रोजी थांबले. त्यानंतर ते शिकवीत राहिले, वाद्यवृंदाचे संचालन करीत राहिले. माथियास गोर्ने आणि शेवटच्या वर्षांत बेन्जामिन आप्पल हे त्यांचे शिष्य आज स्वतः ही गीते गातात. १८ मे २०१२ रोजी बव्हेरियातील बेर्ग येथे फिशर-डीस्काउ यांचे निधन झाले.

श्रोतेहो, त्यांचे गाणे प्रथमच ऐकणार असाल तर मूर यांच्याबरोबरचे १९५५ चे ‘विंटररायझे’ घ्या, प्रत्येक कवितेचा अर्थ आधी वाचून ठेवा, आणि नंतर तीच गीते १९८५ मध्ये ब्रेंडेल यांच्याबरोबर गायलेली ऐका. आवाजाने मधल्या तीस वर्षांत काय गमावले आणि शब्दाने काय मिळवले, हे आपल्याला स्वतःच्या कानांनी ठरवता येईल. नमस्कार.