काच नव्हे, बोर्ड बघा

मंडळी, जुना मोबाइल घेताना काय काय तपासायचं, हे सांगायला मला बोलावलंय आणि ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी बरीच वर्षं मनात घोळत असलेली एक गोष्ट तुमच्यापुढे मांडतो. आपल्याकडे जुन्या मोबाइलचा भाव ठरतो काचेवरून. ओरखडा नाही, कोपरे शाबूत, सोबत खोका आहे, की झाला तो ‘एकदम नवा’. मोबाइल मरतो मात्र आतल्या बोर्डावर, म्हणजे सगळ्या चिप जिच्यावर बसवलेल्या असतात त्या पट्टीवर, आणि त्या बोर्डावर काय काय होऊन गेलंय ते घेणाऱ्याला कोणीच सांगत नाही.

२०१५ साली एलजीचा जी-४ आला आणि त्याच वर्षी गूगलचा नेक्सस ५एक्स, तोही एलजीनेच बनवलेला. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८०८ ही मुख्य चिप. तिच्यात काम करणारे सहा भाग, म्हणजे कोर: दोन दमदार आणि चार साधे. नेक्सस कोणाकोणाकडे होता? हात वर करा बघू. मागे दोघं-तिघं आहेत. मग पुढचं तुम्हीच सांगू शकाल! चांगला चालणारा फोन एके दिवशी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. लोगो यायचा, स्क्रीन काळी व्हायची, पुन्हा लोगो. दिवसभर तेच. जी-४ मध्ये आतल्या भागांचा जोड सैल पडतो, हे कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये मान्य केलं.

हा जोड कसला? चिपच्या पोटाखाली सोल्डरच्या, म्हणजे चिप बोर्डाला जोडणाऱ्या डाखाच्या धातूच्या, बारीक गोळ्यांची जाळी असते. कारागीर त्यांना ‘बॉल’ म्हणतात. गेम खेळताना चिप तापते, नंतर गार होते. चिप आणि बोर्ड सारखे फुगत नाहीत, त्यामुळे दर वेळी ओढाताण होते ती या बॉलची. त्यात फोन हातातून पडतो, मागच्या खिशात वाकतो. शेवटी एखाद्या बॉलला तडा जातो. पूर्वी सोल्डरमध्ये शिसं असायचं. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंदी घातली आणि बिनशिशाचं सोल्डर सगळीकडे आलं. ते वितळायला सुमारे २१७ अंश लागतात, जुन्याला १८३ पुरायचे. आणि आपटलं की ते जुन्यापेक्षा लवकर तडकतं. म्हणून शिसं परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. ते विष आहे, बंदी योग्यच होती.

तर नेक्ससवाल्यांचे फोटो आत अडकले. कोणी फोन फ्रीजरमध्ये ठेवला, कोणी हेअर ड्रायरने तापवला; थोडा वेळ सुरू झालाच, तर तेवढ्यात फोटो काढून घ्यायचे म्हणून. मग वापरणाऱ्यांपैकीच काही जाणकारांनी दोन दमदार कोर बंद करणारं सॉफ्टवेअर तयार केलं. उरलेल्या चार कोरवर फोन जागा झाला. संथ, पण जिवंत! मला याचं आजही अप्रूप वाटतं.

आता हाच फोन बाजारात कसा येतो बघा. बोर्डावर हॉट एअर मारतात, तडकलेला बॉल तात्पुरता चिकटतो, फोन सुरू होतो, विकला जातो आणि थोड्या दिवसांत पुन्हा ‘डेड’. रीबॉलिंग वेगळं. त्यात चिप उचलून, जागा साफ करून, नवे बॉल बसवतात. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मायक्रोस्कोपखाली हे काम करणारे हात आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. अशाच एका कारागिराने माझ्या पुतणीचा फोन उघडून दाखवला. पत्र्याचं शील्ड उचललं, तर चिपच्या कडेला पिवळट, चिकट फ्लक्स, म्हणजे सोल्डर करताना लावतात तो पदार्थ, वाळलेला. कारखान्यातून आलेला बोर्ड असा नसतो. आणि विकताना तिला सांगितलं होतं, ‘कधी उघडलेलाच नाही, मॅडम’. जुनी गाडी घेताना आपण सर्व्हिसचे कागद मागतो ना? मग मोबाइलचे का नाही मागत?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा कबूल केलेलं भरभर सांगतो.

बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. जोर पडला की व्होल्टेज कोसळतं आणि तीस टक्के दिसत असतानाच फोन बंद होतो. ॲपलने यावर २०१७ मध्ये अपडेटमधून जुने आयफोन संथ केले, ग्राहकांना नीट सांगितलं नाही, त्याच डिसेंबरात माफी मागितली आणि बॅटरी बदलायचे ७९ डॉलर २९ वर आणले. म्हणून फोन पूर्ण चार्ज असताना तपासू नका. तीस-चाळीस टक्क्यांवर व्हिडिओ शूट करा, गेम चालवा, फोन तापू द्या. निव्वळ बॅटरीचा दोष असेल तर घाबरू नका, ती बदलता येते. पण डिस्प्ले कडेने उचललेला दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते; दाबू नका, घेऊही नका. पांढऱ्या पडद्यावर उभी हिरवी रेघ शोधा. एक आयकॉन धरून पूर्ण स्क्रीनभर ओढा, मध्येच सुटला तर टच गेलाय. चार्जिंगची पिन हळूच हलवून बघा. दोन्ही सिम घाला, कॉल लावा, वायफाय जोडा. एकदा उघडलेला फोन पाण्यात टिकेल असं धरू नका. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्या, केवायएम लिहून जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसेमेस करा. फोन ब्लॅकलिस्ट केलेला, म्हणजे चोरीबिरीमुळे बंदी घातलेला, असेल तर कळेल.

आणि बिलावर एक ओळ लिहून मागा, ‘बोर्डवर काम झालेलं नाही’, किंवा झालं असेल तर काय झालंय ते. सही-शिक्क्यासह. दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.