योकोहामाच्या किनाऱ्यावरची पाणपोई

श्रोतेहो, नमस्कार.

जपानला जायचे ठरले की आपल्या मंडळींच्या यादीत टोकियो, क्योतो, ओसाका आणि फुजी पर्वत ही नावे आधीच लिहिलेली असतात. योकोहामाचे नाव त्या यादीत सहसा नसते, आणि असलेच तर टोकियोहून निघून अर्ध्या दिवसात उरकून यायची जागा म्हणून असते. टोकियो स्थानकातून गाडी पकडली की सुमारे अर्ध्या तासात योकोहामा येते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सदतीस लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर जपानमधले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर आहे, आपल्या मुंबईशी त्याचे १९६५ पासून भगिनी-शहराचे नाते आहे, आणि त्याच्या किनाऱ्यावर भारतीय माणसांनी उभारलेली एक लहानशी वास्तू आहे, जिच्यासाठी मी या शहरात दोनदा गेले. त्या वास्तूपर्यंत मी तुम्हाला आज नेणार आहे. मात्र सरळ वाटेने नव्हे, कारण आधीचे शहर पाहिल्याशिवाय तिचा अर्थ नीट उलगडत नाही.

दिवसाची सुरुवात बंदरावर न करता सांकेइएन या उद्यानात करावी, असे मी सुचवेन. साकुरागिचो स्थानकाजवळून बस मिळते. उद्यान सकाळी नऊला उघडते आणि जुलैमध्ये तळ्यातली कमळे पाहायला येणाऱ्यांसाठी काही दिवस त्याहूनही लवकर उघडते. तोमितारो हारा या रेशीम व्यापाऱ्याने हे उद्यान घडवले आणि १९०६ मध्ये लोकांसाठी खुले केले. जपानच्या निरनिराळ्या भागांत जुनी मंदिरे आणि वाडे मोडकळीला येत होते. हारांनी त्यांतल्या निवडक वास्तू सुट्या करून आणवल्या आणि या टेकड्यांच्या कुशीत पुन्हा उभ्या केल्या. तळ्यापलीकडच्या उंचवट्यावर दिसणारा तीन मजली लाकडी पॅगोडा १४५७ मधला आहे आणि तो १९१४ मध्ये क्योतोच्या बाजूच्या एका जुन्या मंदिरातून इथे आला. तळ्याच्या काठावरून तो पाहावाच, पण चढण चढून त्याच्या पायथ्याशीही जावे. तिथे मान वर करून छपरांखालची आधाराची लाकडे पाहिली की एकावर एक रचलेल्या तुळ्या आणि ब्रॅकेट यांवर एवढा भार कसा पेलला आहे, ते डोळ्यांना समजते.

या उद्यानाचा आपल्याशी असलेला धागा फारसा कोणी सांगत नाही. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले, तेव्हा ते हारांचे पाहुणे म्हणून इथे राहिले होते. हारांच्या संग्रहात शिमोमुरा कान्झान या चित्रकाराने एका अंध तरुणाची कथा रंगवलेला पडदा होता. तो रवींद्रनाथांना इतका आवडला की अराई कांपो या चित्रकाराकडून त्याची प्रतिकृती करवून घेण्यात आली. पुढे रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून अराई भारतात आले आणि इथल्या मुक्कामात ते आपल्या अजिंठ्याला पोहोचले. लेण्यांच्या अंधारात बसून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्या जपानला नेल्या. अजिंठ्याच्या रंगांची ती नक्कल टोकियोच्या विद्यापीठात ठेवलेली होती. १९२३ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत ती जळून गेली.

हा भूकंप लक्षात ठेवूनच योकोहामा पाहावे लागते. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना सागामी उपसागराच्या परिसरात ७.९ तीव्रतेचा धक्का बसला. घराघरांत स्वयंपाकासाठी चुली पेटलेल्या होत्या, घरे लाकडाची होती आणि वारा जोराचा होता. टोकियो, योकोहामा आणि आसपासचा प्रदेश मिळून एक लाखाहून अधिक माणसे दगावली. त्या भूकंपाबद्दल टोकियोचे नाव अधिक घेतले जाते, पण केंद्र योकोहामाला जवळचे होते आणि शहराच्या आकाराच्या मानाने तिथला विध्वंस अधिक भयंकर होता. वीटकामाच्या इमारती कोसळल्या आणि उरलेले आगीने खाल्ले. हारांनी त्यानंतर कलावस्तू जमवणे थांबवले आणि शहर पुन्हा उभारण्याच्या कामाला स्वतःला वाहून घेतले.

सांकेइएनहून परत साकुरागिचोला या. आज जिथे हे स्थानक आहे तिथेच मूळचे योकोहामा स्थानक होते. १८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे टोकियोच्या शिम्बाशीपासून इथपर्यंत एकोणतीस किलोमीटर धावली. बोरीबंदर ते ठाणे ही आपली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कमोडोर पेरीची अमेरिकी लढाऊ जहाजे जपानच्या किनाऱ्याला येऊन थडकली. म्हणजे आपल्याकडे रेल्वे आली तेव्हा जपानची दारे जगाला जवळजवळ बंदच होती, आणि पुढच्या एकोणीस वर्षांत त्यांनीही रूळ टाकले. त्या काळातले ११० क्रमांकाचे वाफेचे इंजिन स्थानकाच्या जोडइमारतीत ठेवले आहे. त्या मार्गाचे मुख्य इंग्रज अभियंते एडमंड मोरेल यांना मात्र पहिली गाडी पाहायला मिळाली नाही. ते १८७१ मध्ये क्षयाने वारले आणि शहराच्या टेकडीवरील परदेशी दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

स्थानकाबाहेर समोर मिनातो मिराई हा नवा भाग दिसतो. १९९३ मध्ये बांधलेला २९६ मीटरचा लँडमार्क टॉवर, पाळण्याचे प्रचंड चक्र आणि पाण्यावरून जाणारा रोपवे इथे आहेत. मुले बरोबर असतील तर यांत दोन-तीन तास सहज जातात आणि मुलांना ते आवडते. मला स्वतःला टॉवरच्या माथ्यापेक्षा त्याचा पायथा अधिक मोलाचा वाटतो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली जहाजदुरुस्तीची दगडी गोदी जपली आहे. तिच्या पायऱ्या उतरून तळाशी गेलात की दोन्ही बाजूंना घडीव दगडांच्या भिंती चढत जातात. माझगावच्या गोद्यांच्या भिंतींबाहेरून रोज जाणाऱ्या आणि त्यांच्या आत कधीही पाऊल न टाकता आलेल्या मुंबईकराला इथे उभे राहून हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

तिथून किनाऱ्याने चालत लाल विटांच्या दोन गोदामांकडे यावे. सीमाशुल्क खात्यासाठी १९११ आणि १९१३ मध्ये ती बांधून पूर्ण झाली. विटांमध्ये लोखंड गुंफलेले असल्यामुळे भूकंपात ती पूर्णपणे कोसळली नाहीत, पण दोन्ही गोदामांच्या लांबीकडे लक्ष द्या: पहिले दुसऱ्याच्या निम्मेच आहे, कारण त्याचा पडका भाग पुन्हा बांधला गेला नाही. २००२ पासून तिथे दुकाने, उपाहारगृहे आणि कार्यक्रमांची दालने आहेत. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, तरी गच्चीवजा सज्ज्यातून बंदराचे दर्शन छान होते.

पुढे 'झो नो हाना', म्हणजे हत्तीची सोंड, या नावाचा धक्का लागतो. सोंडेसारख्या वळलेल्या बांधामुळे त्याला हे नाव पडले. शहराचा जन्म याच परिसरात झाला. १८५९ मध्ये बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले, त्याआधी इथे शंभरेक घरांचे कोळ्यांचे गाव होते. जवळच्या अभिलेख संग्रहालयाच्या अंगणात एक जुने झाड आहे, दालचिनीच्या कुळातले, तजेलदार हिरव्या पानांचे. पेरीबरोबरचा १८५४ चा तह त्याच्या आसपास झाला. १८६६ च्या मोठ्या आगीत ते होरपळले आणि पुन्हा पालवले. १९२३ मध्ये ते पुन्हा जळाले, तेव्हा मुळापासून फुटवे आले, आणि आज दिसणारा बुंधा त्या फुटव्यांचा आहे. एका बुंध्याऐवजी अनेक खोडे जमिनीतून एकत्र वर आलेली दिसतात. तिथे मी बराच वेळ बसले होते. एक आजी आली, खोडाला तळहात टेकवून क्षणभर थांबली आणि काही न बोलता निघून गेली.

अंगणाला लागूनच निहोन ओदोरी हा रुंद रस्ता आहे. १८६६ च्या आगीनंतर पुढची आग एका भागातून दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून ब्रंटन या अभियंत्याने तो एवढा रुंद आखला. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच्या दोन्ही बाजूंची गिंकोची झाडे पिवळीधमक होतात. या भागात तीन जुने मनोरे आहेत, त्यांना पत्त्यांतल्या राजा, राणी आणि गुलामाची नावे आहेत. राजा म्हणजे प्रांतिक सरकारची कचेरी, राणी म्हणजे सीमाशुल्क भवन आणि गुलाम म्हणजे बंदराच्या स्मरणार्थ बांधलेले सभागृह. खलाशी समुद्रावरून हे मनोरे पाहून सुखरूप प्रवासाची प्रार्थना करीत, असे सांगतात. तिन्ही एकत्र दिसतील अशा जागा ठरावीकच आहेत, आणि त्यांतली एक ओसानबाशी धक्क्यावर आहे. या धक्क्याचे छप्पर लाकडी फळ्यांचे असून ते जमिनीपासून हळूहळू चढत, लाटेसारखे वळत समुद्रात जाते. तिथे बसायला तिकीट लागत नाही, आणि सूर्यास्ताला याहून चांगली जागा या शहरात नाही, असे माझे मत आहे.

जेवणासाठी बहुतेक जण जवळच्या चायनाटाउनमध्ये जातात. बंदर खुले झाल्यावर पाश्चात्त्य व्यापाऱ्यांबरोबर चिनी मध्यस्थ आले, कारण बोली कळली नाही तरी चिनी लिपीत लिहून त्यांना जपान्यांशी व्यवहार करता येत असे. त्यांच्या वस्तीतून आजचे शेकडो दुकानांचे गजबजलेले पेठवजा केंद्र उभे राहिले. शाकाहारी श्रोत्यांनी एवढे लक्षात ठेवावे की जपानी रस्सा दिसायला निव्वळ भाज्यांचा असला तरी बहुधा सुकवलेल्या माशाच्या 'दाशी'वर, म्हणजे अर्कावर, केलेला असतो. त्यामुळे केवळ 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'मासे आणि दाशीही नको' असे लिहून दाखवावे लागते.

आता यामाशिता बागेत येऊ. समुद्राच्या कडेने पसरलेली ही लांबट बाग गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे. काठाला १९३० मध्ये बांधलेले हिकावा मारू हे प्रवासी जहाज कायमचे नांगरलेले आहे. ते प्रशांत महासागर ओलांडून सिअॅटलला जात असे आणि युद्धकाळात इस्पितळ म्हणून चालले. सोमवार सोडून ते आतून पाहता येते. हे सगळे पाहताना पायांखाली काय आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. भूकंपात पडलेल्या शहराची माती, विटा आणि दगड किनाऱ्यावर आणून टाकले, त्या भरावावर ही बाग तयार झाली आणि ती १९३० मध्ये खुली झाली. गुलाबाचे ताटवे, हिरवळ आणि मुलांची धावपळ या साऱ्यांच्या खाली मोडलेली घरे आहेत.

बागेच्या एका टोकाला खांबांवर उभी असलेली, हिरवट घुमटाची ती छोटी छत्री आहे. जपानी भाषेत तिला 'इंदो सुइतो' म्हणतात, म्हणजे भारतीय जलस्तंभ. मी मात्र तिला पाणपोईच म्हणेन. रेशमाच्या व्यापारासाठी आलेले अनेक भारतीय, त्यांत सिंधी व्यापारी पुष्कळ, योकोहामात स्थायिक झाले होते. भूकंपात त्यांच्यातलेही काही जण गेले. वाचलेले बरेच जण कोबेला निघून गेले. तेव्हा योकोहामाच्या लोकांनी आपले शहर राखेत असतानाही त्यांना मदत केली, आणि त्यांनी परत यावे म्हणून शहराने त्यांच्या घरा-दुकानांची सोय केली. त्या उपकाराची आठवण म्हणून आणि गेलेल्यांच्या स्मरणार्थ भारतीय व्यापाऱ्यांनी १९३९ मध्ये ही वास्तू शहराला दिली. आपल्या गावांत आई-वडिलांच्या नावाने रस्त्याच्या कडेला पाणपोई बांधतात. परक्या भूमीवर, परक्या लोकांचे आभार मानताना त्यांना पाणीच आठवले.

बाहेरून ती साधी वाटते, म्हणून बहुतेक प्रवासी जहाजाकडे बघत पुढे निघून जातात. तुम्ही पायऱ्या चढून आत जा, मधल्या पाण्याच्या पात्राजवळ उभे राहा आणि वर पाहा. घुमटाच्या आतल्या बाजूला बारीक रंगीत तुकड्यांची नक्षी आहे, ती फक्त खाली उभ्या असलेल्या माणसालाच दिसते. दरवर्षी १ सप्टेंबरला इथले भारतीय रहिवासी आणि शहरातील लोक या छत्रीजवळ जमून गेलेल्यांना अभिवादन करतात.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि ओसानबाशीवरून एक मोठे जहाज सुटत होते. त्याचा भोंगा घुमटाखाली घुमला. मी पायरीवर बसून बाटलीतले पाणी दोन घोट प्यायले, उरलेले शेजारच्या गुलाबाच्या मुळाशी ओतले आणि स्थानकाची वाट धरली.

नमस्कार.