एक कास्तकार पेरायले गेला

भिंतीवर टांगलेल्या ह्या गोधड्या घरोघरून मागून आणल्यात, हाच आपला स्टुडिओ. यवतमाळ जिल्ह्यातलं छोटंसं चर्च आहे हे, वर टिना, मागं कपाशीचं वावर. खोलीत आवाज घुमतो म्हणून तरुण संघाच्या पोरांनी खिळे ठोकून गोधड्या लावल्या, पंखा बंद, दार बंद, फोन वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला आणि समोर बसलेत हे दादा, सकाळीच फवारणी करून आलेत, आणि येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगून रेकॉर्ड करताहेत. ऐका.

"एक कास्तकार पेरायले गेला. काही बी पांदनीवर पडलं, पाखरायनं टिपून नेलं. काही मुरमात पडलं, लवकर उगवलं पन मुळ्याच नाही, उनानं वाळलं. काही काट्यात पडलं, काट्यायनं दाबून टाकलं. अन् काही पडलं काळ्या मातीत..."

आणि इथं बकरी ओरडली. परत पहिल्यापासून.

ह्या एका दाखल्याला अख्खी दुपार गेली. दादांनी आधी बी कपाशीचं धरलं होतं, तर महिला मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, सरकी तर आपण एकेक करून मातीत टोबतो, मग बी पांदनीवर पडंन कसं? बरोबर प्रश्न होता. मग आजी बोलल्या, पयले तीळ हातानं फेकूनच पेरत होते की बाप्पा, आणि दादांनी कपाशी काढून तीळ घातला. तीसपट, साठपट, शंभरपट, हे आकडे पवित्र शास्त्रात आहेत तसेच ठेवले. मला हा सीन फार महत्त्वाचा वाटतो, कारण वचन ऐकून मान हलवणारे लोक आपण भरपूर पाहिलेत, पण त्याच्याशी असा वाद घालून, आपल्या वावरात उभं करून बघणारे कमी.

आता ही खंजिरी. भजनाचं गाव आहे हे, लहान पोट्टंसुद्धा ठेका धरतं, मग येशूचं भजन पेटीवर इंग्रजी चालीतच का म्हणायचं? हा विचार काही नवा नाही. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याने ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये लिहिली, दहा हजारांवर ओव्या, १६१६ साली छापल्या. आणि आपल्या अगदी जवळचं म्हणजे कवी ना. वा. टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबाने त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला, १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग मराठी मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, त्यांनी अभंग दिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. त्या काळी हे स्वप्न किती मोठं होतं विचार करा!

विदर्भात मिशनचं काम जुनं आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ ला नागपुरात आले, शाळा काढली. इथं यवतमाळला १९५३ मध्ये पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, १९८३ ला ती पुण्याला गेली. मोठ्या संस्था येतात, जातात, मंडळी इथंच राहते. म्हणून आता कुणीतरी बाहेरून येईल आणि सुवार्ता सांगेल ही वाट बघणं सोडा असं मला मनापासून वाटतं, आवाज आपला आहे, फोन आपल्या खिशात आहे.

हे बघा, रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर जातंय. गावात नेट कधी असतं कधी नसतं, म्हणून कार्डवरून कार्डवर, ब्लूटूथने. ज्याला ऐकायचं त्याने मागून घ्यायचं, कुणाला काही देत नाहीत, कुणाकडून काही घेत नाहीत. आणि ही वेचणी चालू आहे, ताईंनी फोन ओटीत ठेवलाय, हात बोंडावर आणि कानात दादांचा आवाज, पलीकडच्या ओळीतली बाई ओरडून विचारते, मंग त्या बियाचं काय झालं वं?

गावात काहींना हे आवडलं नाही, चर्चचे पाळक साहेब त्यांच्या घरी जाऊन बोलले, धर्माचा प्रचार करायची मोकळीक संविधानाच्या कलम २५ मध्ये आहे हेही शांतपणे सांगितलं, सध्या काम सुरू आहे.

पोरांचं पुढचं स्वप्न मात्र याहून मोठं आहे. जंगलालगतच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, वऱ्हाडी समजते पण घरात बोलतात कोलामी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. ह्या सगळ्या बोलींमध्ये दाखले, भजनं, तिथल्याच माणसांच्या तोंडून. पोडावरच्या दोन मुली हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगायला तयार झाल्यात, मेंढराऐवजी बकरी घेऊ म्हणतात, आणि आमच्या पोरांनी ठरवलंय की त्या सांगतील तसंच ठेवायचं, आपण फक्त फोन धरायचा. उन्हाळ्यात वावरातली कामं उरकली की रेकॉर्डिंग सुरू. तुमच्या घरी चालू स्थितीतला जुना फोन, मेमरी कार्ड, माईक पडून असेल तर तुमच्या मंडळीच्या पाळकांकडे द्या, आणि तुमच्या गावच्या बोलीत पहिला दाखला कोण सांगणार ते येत्या रविवारी उपासनेनंतर बसून ठरवा.