एचडीएल ५८, तरी निर्धास्त नको

जळगावच्या एखाद्या लॅबमधून लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा रिपोर्ट येतो. एचडीएल ५८. पुरुषांत ४०च्या आणि बायकांत ५०च्या खाली गेलं तर कमी धरतात, त्यामुळे घरचे म्हणतात, "चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, काळजी नाही." गफलत होते ती इथंच.

रोहिणीच्या (धमनीच्या) अस्तराखाली एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल शिरतं. ते गिळून तिथल्या मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी फुगतात, साचतात आणि चरबीचा थर धरू लागतो. या पेशींतल्या कोलेस्टेरॉलचा उपसा करणं हे एचडीएलचं काम. पेशीच्या आवरणातलं एबीसीए-वन हे प्रथिन कोलेस्टेरॉल बाहेर देतं, एचडीएलमधलं अपो-ए-वन ते उचलतं. पुढे ते यकृतात जातं आणि पित्तावाटे आतड्यात उतरतं. रिपोर्टमधला आकडा एचडीएलमध्ये कोलेस्टेरॉल किती आहे एवढंच सांगतो. उपसा किती होतोय, हे त्यावरून कळत नाही.

२०१४ साली अमेरिकेतल्या डॅलसचा अभ्यास आला. हृदयविकार नसलेले २,९२४ जण, सुमारे ९ वर्षं पाठपुरावा. ज्यांची उपसा करण्याची क्षमता सर्वांत जास्त होती, त्या चौथाई लोकांत हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटनांचा धोका सर्वांत कमी क्षमतेच्या चौथाईपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी निघाला. इतर कारणं जमेस धरल्यावर नुसत्या एचडीएलच्या आकड्याचा मात्र तसा संबंध उरला नाही. त्याआधी टॉर्सेट्रापिब या औषधानं एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढवलं होतं. पण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्यानं रक्तदाबही वाढत होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

हे काम बिघडतं कशानं? शरीरात दाह असला की मायलोपेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) अपो-ए-वनलाच इजा करतं. अनियंत्रित मधुमेह आणि बिडी-सिगारेट यांनीही एचडीएल दुबळं पडतं.

उपसा मोजणारी तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे. म्हणून रिपोर्ट हातात आला की साधी वजाबाकी करा: एकूण २१० मधून एचडीएल ५८ गेलं, उरले १५२. हे नॉन-एचडीएल, म्हणजे एलडीएलसारखं सगळं घातक कोलेस्टेरॉल. हृदयविकार झालेल्यांत ते किमान १००च्या खाली तरी हवं. एचडीएल छान दिसतंय म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करणं फार महागात पडतं.

आणि जेवण? कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत खुशाल खा. हात आखडायचा तो तेलावर: माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर. शेवभाजीची तर्री आणि कढईत पुन्हापुन्हा तापवलेलं तेल हा हिशेब सगळ्यांत आधी बिघडवतात.