एक रुग्ण, शंभर खोट्या घंटा

मित्रांनो, दुर्मिळ आजारांवरच्या या हॅकेथॉनचे तुमचे छत्तीस तास सुरू व्हायच्या आधीची पंधरा मिनिटं माझ्या वाट्याला आली आहेत. लॅपटॉप उघडे राहू द्यात, पण एक हिशेब माझ्याबरोबर तोंडी करा.

दहा हजारांत एकाला होणारा आजार घ्या. तुमचं मॉडेल, म्हणजे नोंदी बघून आजार ओळखायला शिकलेला प्रोग्रॅम, रुग्णाला ९९ टक्के वेळा ओळखतं आणि निरोगी माणसाला ९९ टक्के वेळा निरोगीच म्हणतं. छान! आता ते दहा हजार लोकांवर चालवा. खरा रुग्ण एक. उरलेल्या ९,९९९ जणांतल्या एक टक्क्याला, म्हणजे जवळपास शंभर जणांना, ते आजारी ठरवणार. शंभर घरांची झोप उडाली, कारण नसताना. आणि एखाद्या आळशी गड्यानं ‘सगळे निरोगी’ एवढी एकच ओळ लिहिली, तर त्याची अचूकता ९९.९९ टक्के! तेव्हा अ‍ॅक्युरसीचा आकडा मोठ्या टायपात झळकवू नका. मी परीक्षक असलो की तिकडे बघतही नाही.

युरोपात दहा हजारांमागे पाचांहून जास्त रुग्ण नसतील तर आजाराला दुर्मिळ म्हणतात. असे आजार सहा हजारांच्या वर आहेत आणि त्यांतले बहुतेक आनुवंशिक. म्हणजे अल्गोरिदम भरपूर, रुग्णांच्या नोंदी मात्र मूठभर. त्यातही एक डॉक्टर लिहितो ‘फिट’, दुसरा ‘कन्व्हल्जन’, आई सांगते ‘आकडी आली’. माणसाला कळतं, कॉम्प्युटरला हे तीन निराळे आजार वाटतात. यासाठीच २००८ मध्ये ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी आली. लक्षणांचा हा कोश आकडीला एकच क्रमांक देतो: ०००१२५०. दोन देशांतल्या दोन मुलांच्या लक्षणांची यादी अशा क्रमांकांत असेल, तरच त्यांची गाठ पडते. आईच्या बोलीतून हे क्रमांक नीट काढून देणारं साधन कुणी बनवलं, तर मी त्याला चमकदार डॅशबोर्डपेक्षा वर ठेवीन. काम कंटाळवाणं आहे, हे कबूल.

औषधांचीही एक गोष्ट सांगतो. प्रोजेरिया, लहानपणीच म्हातारपण आणणारा आजार. २००३ मध्ये त्याचं मूळ सापडलं: एलएमएनए जनुकातलं एक अक्षर बदललेलं. त्यातून बनणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाला एक चिकट शेपूट लागतं आणि ते पेशीकेंद्राच्या आवरणाला चिकटून बसतं. ती शेपूट लावणाऱ्या एन्झाइमला अडवणारं लोनाफार्निब कर्करोगासाठी आधीच तयार झालं होतं. २०२० मध्ये अमेरिकेत ते प्रोजेरियासाठी मंजूर झालं. आजार बरा होत नाही, आयुष्य थोडं वाढतं. असे दुवे शोधायला ग्राफ, नेटवर्क सगळं वापरा. पण ‘शेपूट’ म्हणजे काय ते सांगणारा जीवशास्त्राचा विद्यार्थी टीममध्ये हवा. त्याला फक्त स्लाइड रंगवायला बसवू नका.

आता एका जुन्या टीमविषयी. मुलांच्या चेहऱ्यावरून सिंड्रोम ओळखायचा होता. मुलं थोडी, प्रत्येकाचे फोटो बरेच. त्यांनी सगळे फोटो पिसले आणि दोन गठ्ठे केले: ट्रेनिंग, म्हणजे मॉडेलला शिकवायला, आणि टेस्ट, म्हणजे त्याची परीक्षा घ्यायला. निकाल नव्वदीच्या वर! पहाटे तीनला एकीच्या लक्षात आलं की एकाच मुलाचे फोटो दोन्ही गठ्ठ्यांत आहेत. मॉडेल आजार नव्हे, ते मूल ओळखत होतं. मुलांप्रमाणे गठ्ठे वेगळे केले, तर निकाल नाणेफेकीच्या जरासा वर. बाकीचे म्हणाले, आता कशाला बोलायचं? बराच वेळ वादावादी झाली. सकाळी पहिल्याच स्लाइडवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी होते.

बक्षीस दुसऱ्यांनी नेलं. ती मुलगी आज मार्गदर्शक म्हणून मागच्या रांगेत बसली आहे. डेटा दोन गठ्ठ्यांत वाटण्याआधी तिला एकदा दाखवा.