एकच रस्ता, तीन निवेदनं

नमस्कार श्रोतेहो.

वक्तृत्व शिकवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी आवाज, मग हातवारे आणि शेवटी टाळ्यांचं वाक्य. मीही कित्येक वर्षं तसंच शिकवलं. अकरावीची मुलं कुठल्याही बाजूनं धडाधड बोलायची. पण समोरच्याचा मुद्दा नेमका कुठे लंगडा पडतोय, हे एकालाही पकडता यायचं नाही. शेवटी भाषणं ठेवली बाजूला आणि वर्गात माहितीपट लावला.

माहितीपट म्हटल्यावर मुलांनी तोंडं वाकडी केली. त्यात त्यांची चूक नाही. फिल्म्स डिव्हिजन हे सरकारचं माहितीपट खातं १९४८ साली मुंबईत सुरू झालं, त्यांचे अनुबोधपट थिएटरात सिनेमाआधी दाखवत. आणि आमची पिढी तेवढ्या वेळात बाहेर शेंगदाणे घेत उभी असायची!

मी लावला तो क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा, १९५७चा, 'लेटर फ्रॉम सायबेरिया'. त्यात सायबेरियातल्या याकुत्स्क शहरातला एक रस्ता आहे. एक बस जाते, झिम नावाची सोव्हिएत मोटार जाते. कामगार रस्ता सपाट करताहेत. एक माणूस जाता जाता कॅमेऱ्याकडे बघतो. संपलं. हेच तुकडे मार्कर लागोपाठ तीनदा दाखवतो. बदलतं ते फक्त निवेदन आणि संगीत.

पहिल्यांदा बस आरामशीर, मोटार देशाची शान, कामगार आनंदी. दुसऱ्यांदा त्याच बसमध्ये माणसं कोंबलेली, तीच मोटार म्हणजे बड्यांचा माज, कामगार गुलामासारखे वाकलेले. तिसऱ्यांदा सूर एकदम समंजस: बसला गर्दी आहे, पण लंडन-न्यूयॉर्कपेक्षा कमीच, मोटार उत्तम, पण मोजक्याच असल्यानं सरकारी कामासाठी राखीव.

आधी मी आवाज बंद ठेवला होता. "काय दिसतंय?" "रस्ता, सर." मग तिन्ही निवेदनं ऐकवली आणि विचारलं, खरं कुठलं? सगळे हात तिसऱ्याला!

म्हटलं, थांबा. लंडनचं नाव कुणी काढलं? याकुत्स्कच्या माणसानं विचारलं होतं का? गर्दी मान्य करायची आणि लगेच मोठ्या शहराशी तुलना करून ती हलकी करायची, ही वकिलीच झाली. फक्त आवाज न चढवता केलेली. त्या तिसऱ्या निवेदनावर मार्करचाही भरवसा नाही, तो लगेच तसं बोलून दाखवतो. पहिली दोन निवेदनं कुणीही ओळखेल. माझा सगळा तास तिसऱ्यावर गेला.

मग मुलांना एसटी स्टँडवर पाठवलं. फोनवर एक मिनिटाचं चित्रण करायचं, त्याला तीन निवेदनं लिहायची. एका मुलीच्या चित्रणात लाल गाडी लागते, आजीबाई खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, दाराशी रेटारेटी. तिचं तिसरं निवेदन अगदी कोरडं होतं: "गाडी नऊ वाजून पाच मिनिटांनी आली. चाळीसेक माणसं चढली." सगळ्यांना पटलं, मलाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "आली नऊ-पाचला. पण यायची किती वाजता होती?"

तिनं फोन उघडून चित्रण मागेपुढे केलं. वेळापत्रकाचा फलक कुठेच नव्हता. गाडी नीट दिसावी म्हणून तो तिनंच चौकटीबाहेर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा स्टँडवर गेली.